किलिमांजारोला कधी जावं, हे मला विचारा!

किलिमांजारोवर कधी जावं, असा प्रश्न पडला तर माणसानं उगाच इकडेतिकडे भटकू नये. सरळ डोंगराच्या पायथ्याशी मोशी गावात यावं, घड्याळाच्या मनोऱ्यापासून डावीकडे वळावं, तिथे डोंगराच्या सफरी लावून देणारं निळ्या दाराचं एक ऑफिस आहे. आत खिडकीजवळच्या खुर्चीत जो बसलेला दिसेल तो मी, अमिनिएली. त्या खुर्चीत बसून गेली अठरा वर्षं मी हा एकच प्रश्न सोडवतोय!

लोक विमानानं येतात, बूट दाखवतात आणि विचारतात, "कधी निघू?" मी आधी डोळे बारीक करतो. मग खिडकीतून किबोकडे बघतो. किबो म्हणजे आमच्या डोंगराचं पांढरं डोकं. मग सावकाश सांगतो, "मार्च ते मे मोठा पाऊस, विसरा. नोव्हेंबरात छोटा पाऊस, टाळा. जून ते ऑक्टोबर कोरडं, पण बोचरी थंडी. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम! पौर्णिमा धरून निघा, शेवटच्या चढाला कंदील लागणार नाही." लोक माना डोलावतात, वहीत लिहून घेतात. आमच्या ऑफिसचं कॅलेंडर दरवर्षी छापून निघतं, त्यातला प्रत्येक महिन्याखालचा सल्ला माझाच असतो. मोशीतल्या प्रत्येक खानावळीत ते टांगलेलं आहे. न्हाव्याकडेसुद्धा आहे!

पहिल्याच वर्षी एका जर्मन बाईंनी विचारलं होतं, "तुम्ही स्वतः किती वेळा गेलात वर?"

देवाशपथ सांगतो, मी खरं बोलणार होतो. पण बाईंचा चेहरा इतका आशेनं भरलेला होता की माझ्या तोंडून निघून गेलं, "सात वेळा."

आता सातच का? एकदा म्हटलं तर नवशिका वाटतो. पन्नासदा म्हटलं तर थापाड्या वाटतो. सात हा सज्जन आकडा आहे. आणि माझा प्रामाणिकपणा बघा, अठरा वर्षांत मी तो एकानंही वाढवलेला नाही!

खरी गोष्ट अशी की डोंगराच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापुढे माझं पाऊल कधी पडलेलंच नाही. फाटकाशी एक दुकान आहे, तिथे चहा आणि गरम मांदाझी, म्हणजे गोड तळलेले वडे, मिळतात. तिथवर मी शेकडो वेळा गेलोय. त्यापुढे जायचं म्हटलं की मी आणखी एक चहा मागवतो. लहानपणी एकदा चर्चच्या घंटेच्या मनोऱ्यावर चढलो होतो, तेव्हा तीन काकांनी मला केळ्यांच्या पोत्यात घालून खाली उतरवलं होतं. तेव्हापासून मी उंचीशी फटकूनच वागतो. दुरून डोंगर साजरे म्हणतात ना, त्यावर माझं पोट चालतं.

शिवाय आम्हा चग्गा लोकांना डोंगर चढायची हौस अशी नसतेच. तो अंगणातून बघायचा. सकाळी दार उघडलं की किबो समोर. वडीलधाऱ्यानं किबोच्या बाजूला बसायचं, धाकट्यानं उताराच्या बाजूला. मेल्यावरसुद्धा तोंड किबोकडे करूनच पुरतात. मग जिवंतपणी घाई कशाला करायची?

घाई होती ती माझ्या सासऱ्यांना.

सासरे न्देसारियो, वय एकाहत्तर, अंगानं काटक. तरुणपणी ते गोऱ्या पाहुण्यांच्या तुकड्यांबरोबर स्वयंपाकी म्हणून जायचे. बारा वेळा शिखरावर जाऊन आले. कुठल्याशा साहेबासाठी ऐन शिखरावर अंडं उकडायला ठेवलं आणि ते तासभर शिजेचना, ही गोष्ट त्यांच्या मरांगू गावच्या पोराटोरांना पाठ आहे. माझ्या लग्नाच्या वेळी सगळं कुळ माझ्या विरोधात होतं, कारण मी पडलो माचामेचा, पश्चिमेकडचा. मरांगूवाल्यांच्या मते माचामेची माणसं आतल्या गाठीची. एकटे सासरे उठून म्हणाले होते, "मुलाचा चेहरा बघा. हा खोटं बोलणाऱ्याचा चेहरा नाही." तेवढ्या एका वाक्यावर मला माझी बायको आयकांडे मिळाली. त्या माणसावर माझा फार जीव आहे, हे इथेच सांगून ठेवतो.

तर डिसेंबरात आमची माणसं जगाच्या पाठीवर कुठेही असोत, गावी येतात. दार-एस-सलामची निम्मी दुकानं बंद पडतात. नाताळच्या दुपारी सासऱ्यांच्या केळीच्या बागेत बोकड कापला जातो, ज्याचा त्याचा मानाचा वाटा ज्याला त्याला जातो, आणि केळी-नाचणीच्या दारूचा, म्बेगेचा, भोपळा फिरू लागतो. तिसऱ्या फेरीला सासरे भोपळा खाली ठेवतात, मिशा पुसतात आणि पन्नास माणसांदेखत विचारतात, "जावईबापू, मरायच्या आधी मला तेराव्यांदा शिखर बघायचंय. कधी नेता?"

सलग नऊ वर्षं दर डिसेंबरात हा प्रश्न आला आणि नऊही वेळा मी तो परतवला. कधी म्हणालो, बाबा, जानेवारीत गोऱ्यांची जत्रा असते, पायाखाली पाय येतात. कधी म्हणालो, फेब्रुवारी चांगला, पण त्याच्या मागोमाग मार्च येतो, भरवसा नाही. जुलैला थंडी लावली, सप्टेंबरला धूळ लावली, ऑक्टोबरला विजा लावल्या. दरवेळी सासरे मोठा उसासा टाकायचे आणि म्हणायचे, "तज्ज्ञ माणूस म्हणतोय तर मग राहिलं!" सगळे हळहळायचे. मलाही रात्री झोप लागायची नाही. म्हाताऱ्या माणसाची एवढीशी इच्छा, आणि मी ती कॅलेंडरखाली दाबून ठेवतोय!

यंदा मात्र पेच होता. बारापैकी अकरा महिने मी वापरून संपवले होते. डिसेंबर तेवढा शिल्लक होता.

सासऱ्यांनी भोपळा खाली ठेवला, मिशा पुसल्या, प्रश्न विचारला. मी घसा साफ केला. इतक्यात माझा मेव्हणा उठला. मेव्हणा गॉडलिसन, दार-एस-सलामला गाद्यांचा व्यापार करतो आणि स्वतःही दुहेरी गादीएवढा आहे.

"थांबा दाजी!" तो म्हणाला. "यंदा उत्तर मी देतो!"

त्यानं पिशवीतून एक गुंडाळी काढली आणि उलगडली. आमच्याच ऑफिसचं कॅलेंडर!

"हे कोणी लिहिलंय?"

"मी," मी म्हणालो. नाही म्हणायची सोय कुठे होती?

गॉडलिसननं मोठ्यानं वाचलं, "'डिसेंबरअखेर पाऊस ओसरलेला, आकाश स्वच्छ. एकोणतीसला निघालात तर दोन जानेवारीच्या पहाटे पौर्णिमेच्या चांदण्यात शिखर. याहून चांगला मुहूर्त नाही.' ऐकलंत? याहून चांगला मुहूर्त नाही! मी परवाने काढलेत. बाबा, मी आणि दाजी! हमाल, स्वयंपाकी, सगळं ठरलंय. पुढे दाजी चालणार!"

पन्नास माणसांनी टाळ्या वाजवल्या. आयकांडेच्या आत्याबाईंनी जीभ हलवून असा काही आनंदाचा चीत्कार काढला की बोकडाच्या वाट्यावर टपलेला कुत्रा पळून गेला. मी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, ओठ थरथरत होते, डोळ्यांत पाणी तरळलं होतं. नऊ वर्षांची तहान! माझं मन कळवळलं.

"बाबांना आनंद सहन होईना," मी आयकांडेच्या कानात म्हणालो.

"हं," आयकांडे म्हणाली. ती शाळामास्तरीण आहे. तिच्या एका 'हं'मध्ये तपासलेल्या चाळीस वह्यांची चळत असते.

हातात चार दिवस होते. सव्वीसला सकाळी मी अंगणात उभा राहून आभाळाकडे बघितलं आणि मान हलवली. "वारं फिरलंय. ढग येणार."

आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. किबो इतका लख्ख दिसत होता की त्याच्यावरच्या भेगा मोजाव्यात.

सासरे लगबगीनं जवळ आले. "येतील ना रे ढग? पाऊस पडेल?"

त्यांच्या आवाजातली ती धाकधूक ऐकून मला लाज वाटली. म्हाताऱ्याला किती काळजी! मी म्हणालो, "नाही नाही बाबा! तुम्ही घाबरू नका. थेंबही पडणार नाही!"

"नाही?" ते म्हणाले आणि मटकन ओट्यावर बसले.

मग मी गुडघा धरला. लंगडत लंगडत चुलीशी गेलो. आयकांडे म्हणाली, "अहो नीमाचे बाबा, सात वेळा चढलात तेव्हा कधी नाही दुखला तो?"

"म्हणूनच आता दुखतोय! सात वेळांचं दुखणं आहे ते!"

"मघाशी डावा होता," ती म्हणाली.

सत्तावीसला गॉडलिसननं सासऱ्यांना दवाखान्यात नेलं. वय झालेला माणूस, छाती तपासून घेतलेली बरी. माझ्या मनात आशेचा किरण चमकला. देवा, मोठं काही नको, पण किंचित काहीतरी निघू दे! संध्याकाळी परतले तेव्हा सासरे मान खाली घालून चालत होते. पाय ओढत होते. मी धावत गेलो.

"काय म्हणाले डॉक्टर? सांगा बाबा, मी खंबीर आहे!"

"म्हणाले," सासऱ्यांनी माझा खांदा धरला, "म्हणाले की माझी छाती पंचविशीतल्या तरुणासारखी आहे. दोनदा चढून याल म्हणाले."

आम्ही एकमेकांच्या गळ्यात पडलो आणि रडलो. गॉडलिसननं फोटोसुद्धा काढला. काय हे जावई-सासऱ्यांचं प्रेम, असं तो सगळ्यांना दाखवत सुटला.

अठ्ठावीस उजाडायच्या आत माझा निश्चय झाला. आता खरं सांगून टाकायचं. पण नुसतं सांगून भागणार नव्हतं. ज्या माणसानं माझा चेहरा बघून मुलगी दिली, त्याला काय म्हणून सांगू, की बाबा, चेहरा फसवा निघाला? इलाज एकच होता. इसालेचं पान!

आमच्यात कितीही मोठा गुन्हा असो, इसालेचं पान दोन्ही हातांनी पुढे धरून माफी मागितली की समोरच्याला नाही म्हणता येत नाही. भाऊ भावाला माफ करतो, वैरी वैऱ्याला माफ करतो. पान नाकारणाऱ्याला गावात कोणी पाणी विचारत नाही. मी ठरवलं, तांबडं फुटता फुटता पान तोडायचं, सासरे गाईला चारा घालायला उठले की गोठ्यामागे गाठायचं, पान धरायचं, डोळे मिटायचे आणि बोलून टाकायचं.

इसालेची झुडपं बागेच्या कडेला ओळीनं उभी होती. मी त्यातलं एक चांगलं रुंद, तजेलदार पान निवडलं आणि ओढलं. चिवट! हाताला पीळ देऊन ओढलं. छे! मग मी शेवटी दोन्ही पाय रोवले, देवाचं नाव घेतलं आणि असा हिसका दिला की झाड मुळासकट माझ्या हातात आलं आणि मी उताणा पलीकडच्या बागेत जाऊन पडलो.

आता हे वाचून तुम्हाला काही वाटलं नसेल. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही घाम फुटला असता! कारण इसालेची ओळ ही दोन बागांची हद्द असते. तिथे दगड नाही, तार नाही, आजोबा-पणजोबांनी लावलेलं ते झाड हाच पुरावा. माणसं एकमेकांचे दात पाडतील, पण हद्दीच्या इसालेला हात लावणार नाहीत. आणि मी ते मुळासकट छातीशी कवटाळून शेजाऱ्यांच्या बागेत लोळत होतो!

शेजारी म्हणजे अनासियाकाकू. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, अंगात दोन पुरुषांचं बळ, आवाज चर्चच्या घंटेचा. त्या नेमक्या गाईसाठी केळीची पानं कापत उभ्या होत्या. हातात कोयता होता.

"अगं बाई!" काकू ओरडल्या. "हद्द सरकवतोय! जावई हद्द सरकवतोय! धावा!"

"काकू, ऐका! हळू! मी फक्त पान..."

"पान? मुळं दिसताहेत की रे मेल्या! विधवेची जमीन खातोस? तरी मी म्हणत होते, माचामेचा तो माचामेचाच!"

एरवीच्या कुठल्याही महिन्यात या आरोळीला दोन म्हाताऱ्या आणि एक शेळी आली असती. पण हा डिसेंबर! दार-एस-सलाम, अरुशा, म्वान्झा, सगळीकडून आलेली माणसं घराघरात भरलेली. पाच मिनिटांत चाळीस माणसं जमली. हद्दीचं झाड उपटायचं असेल तर ते डिसेंबरात उपटू नये, हा सल्ला मी फुकट देतो.

काकूंचा कोयता वर होता. चाळीस जण माझ्याकडे बघत होते. जीव वाचवायचा एकच मार्ग होता आणि तो माझ्या हातातच होता. मी गुडघ्यांवर बसलो, झाडाचं ते एकुलतं चांगलं पान तोडलं (आता बरं सहज तुटलं!) आणि दोन्ही हातांनी काकूंपुढे धरलं.

"काकू, माफी असावी!"

काकूंचे दात कराकरा वाजले. पण करतात काय? पान ते पान! त्यांनी कोयता खाली केला, पान घेतलं आणि म्हणाल्या, "केलं माफ. झाड लाव परत. एक वीत जरी इकडे आलं तर बघ!"

मी झाड लावलं, माती दाबली, पाणी घातलं. वरचा शेंडा मोडला होता, नुसतं खोड उभं राहिलं. पण संकट टळलं, असं मला वाटलं. मी किती भोळा!

बातमी माझ्यापेक्षा जोरात चालते. ओढ्याशी ती "अमिनिएलीनं हद्द सरकवली, अनासियाची माफी मागितली" अशी होती. दळणाच्या गिरणीशी ती "अमिनिएलीनं अनासियाची पान धरून माफी मागितली" एवढी उरली. आमच्या अंगणात पोहोचली तेव्हा तिचं रूप असं होतं: जावई पहाटेच्या पहाटे विधवेच्या बागेत गुडघ्यांवर बसला होता.

आयकांडे दारात उभी होती. हातात म्तोरी, म्हणजे केळ्यांचं कालवण, ढवळायचा लाकडी डाव होता.

"नीमाचे बाबा," ती म्हणाली. फार हळू म्हणाली. "पान कशासाठी धरावं लागलं?"

"अगं, झाड उपटलं म्हणून!"

"झाड का उपटलं?"

"पान हवं होतं म्हणून!"

"पान कशाला हवं होतं?"

आता काय सांगणार? "बाबांची माफी मागायला," म्हटलं तर "कशाबद्दल?" येणार. मी गप्प राहिलो. आणि बायकोपुढे गप्प राहणं म्हणजे कबुलीजबाबावर अंगठा उठवणं!

"हं," आयकांडे म्हणाली.

गॉडलिसन आतून आला. डोळे लाल. "दाजी! सात वेळा शिखर चढलेला माणूस म्हणून मी तुम्हाला देव मानत होतो! माझ्या बहिणीला फसवता? दुपारी अवोकाडोच्या झाडाखाली बैठक बसेल. सगळे वडीलधारे येतील. काय ते तिथे बोला!"

करायला गेलो काय आणि झालं काय! संसार वाचवायचा तर खरं सांगायलाच हवं होतं. आणि ते पन्नास माणसांत सासऱ्यांच्या कानावर पडण्याआधी एकट्यानं त्यांना सांगायला हवं होतं. तेवढी तरी माणुसकी माझ्यात शिल्लक होती. पण पान? पान तर काकूंकडे गेलं! आता पुन्हा हद्दीकडे जायची माझी छाती नव्हती. मी रिकाम्या हातांनी गोठ्यामागे गेलो.

सासरे तिथेच होते. उलट्या बादलीवर बसलेले, मांडीवर गिर्यारोहणाचा नवा कोरा बूट. नजर बुटात. मी उताराच्या बाजूला, त्यांच्या पायाशी बसलो.

"बाबा, मला काही सांगायचंय."

"थांब," ते म्हणाले. "आधी मी."

"नाही बाबा, आधी मी! माझं फार वाईट आहे!"

"माझं जास्त वाईट आहे!"

असं म्हणून सासऱ्यांनी कोटाच्या आत हात घातला आणि बाहेर काढलं ते काय? इसालेचं पान! रुंद, तजेलदार. त्यांनी ते दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. सासऱ्यानं जावयापुढे!

"अमिनिएली," ते म्हणाले, "मी बारा वेळा गेलेलो नाही."

"मग? अकरा?"

"एकदाही नाही! वाटेवरच्या पहिल्या मुक्कामाच्या झोपडीपर्यंत गेलो. तिथे मला घेरी आली. पुढे बावीस वर्षं मी त्या पहिल्याच झोपडीत स्वयंपाक केला. तुकड्या वर जायच्या, मी पाणी उकळत बसायचो, त्या परत यायच्या. ते अंडंसुद्धा दुसऱ्या कोणाचं तरी आहे."

"पण मग दरवर्षी मला विचारायचात ते? सगळ्यांदेखत?"

"तू नाही म्हणशील म्हणून!" सासरे कळवळून म्हणाले. "लोक विचारायचे ना, न्देसारियो, आता का जात नाहीस? मग मी तुला विचारायचो. तू इतकी सुंदर कारणं द्यायचास! धूळ काय, विजा काय! मी सासूला म्हणायचो, असा भरवशाचा जावई दहा गावांत नाही. आणि यंदा तू त्या कॅलेंडरात 'याहून चांगला मुहूर्त नाही' असं लिहून ठेवलंस! तुला अक्कल आहे का रे?"

मला हसू येत होतं आणि रडूही. मी त्यांचे हात धरले. "बाबा, मी फाटकाच्या पुढे गेलेलो नाही."

सासऱ्यांनी हात सोडवून घेतले. "पण सात वेळा?"

"शून्य."

"चेहऱ्यावरून वाटत नाही रे," ते म्हणाले. मग त्यांना आठवलं. "म्हणजे ती पहाटेची भानगड..."

"पान तोडायला गेलो होतो. तुमच्यासाठी."

"मुळासकट? मी त्याच ओळीतलं पान परवा चाकूनं देठाशी कापून आणलं. आवाजसुद्धा झाला नाही!"

"झालं का दोघांचं?" गोठ्याच्या पलीकडून आवाज आला. सासूबाई! हातात दुधाचं भांडं, चेहरा नेहमीसारखा शांत. सगळं ऐकलेलं होतं.

"तू ऐकलंस?" सासरे पुटपुटले.

"ऐकायचं काय त्यात? बारा वेळा शिखर चढलेला माणूस छपरावरचा पत्रा ठोकायला शेजाऱ्याला बोलावतो, हे चाळीस वर्षं बघते आहे. आणि जावईबापू, तुम्हाला फाटकावरच्या मांदाझीवाल्याच्या नातवंडांचीही नावं पाठ आहेत, पण पुढच्या झोपडीचं नाव विचारलं की खोकला येतो. आता चला, बैठक बसलीय. आणि हे घ्या." त्यांनी ओच्यातून आणखी एक पान काढून माझ्या हातात दिलं. "देठाशी कापलंय."

अवोकाडोखाली आम्ही सासरे-जावई शेजारी शेजारी उभे राहिलो. दोघांच्या हातात एकेक पान. खाली मान घालून बारा आणि सात अशी एकोणीस शिखरं पन्नास माणसांसमोर आम्ही परत केली. हसायला सुरुवात अनासियाकाकूंनी केली. त्या इतक्या हसल्या की त्यांना धरून बसवावं लागलं. गॉडलिसनचं तोंड उघडंच राहिलं होतं. त्याला फार बोलायचं होतं, पण पानापुढे बोलणार काय? माफ करावंच लागलं.

आयकांडेही हसली. विधवेची भानगड नाही म्हटल्यावर तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसलं. पण हसता हसता ती एकदम थांबली.

"परवाने तिघांचे आहेत ना?" तिनं विचारलं. "उद्याचेच?"

"हो," गॉडलिसन म्हणाला. "आता वाया जाणार!"

"का वाया जातील? नीमाचे बाबा, परवान्यावरचं नाव बदलणं तुमच्याच ऑफिसचं काम ना? तुमचं नाव खोडा. माझं घाला."

"तुझं? अगं, चार दिवस चढायचं, वर बर्फ असतं! हवा विरळ असते!"

"तुम्हाला कसं ठाऊक?" आयकांडे म्हणाली.

मी जाऊन नाव बदललं.

एकोणतीसला सासरे घरीच राहिले, आणि मी आयकांडे-गॉडलिसनला फाटकापर्यंत सोडलं. म्हणजे माझ्या नेहमीच्या शिखरापर्यंत. चहा घेतला, दोन मांदाझी खाल्ल्या, परत आलो. पाऊस पडला नाही. ढग आले नाहीत. माझ्या कॅलेंडरातलं अक्षर न अक्षर खरं ठरलं! गॉडलिसन दुसऱ्या झोपडीत डोकं धरून बसला आणि तिथूनच परतला. गादीशिवाय झोप लागली नाही म्हणे. आयकांडे मात्र दोन जानेवारीच्या पहाटे, भर चांदण्यात, शिखरावर उभी राहिली.

ती परतली तेव्हा नाकाची साल निघाली होती आणि ओठ फाटले होते. इतकी सुंदर ती मला लग्नातही दिसली नव्हती. मला तिचा अभिमान वाटला, आणि खरं सांगतो, थोडा हेवाही वाटला.

"कसं होतं गं वर?" मी विचारलं.

"जाल तेव्हा कळेल," ती म्हणाली.

तिचं प्रमाणपत्र आमच्या ऑफिसच्या मालकीणबाईंनी माझ्या खुर्चीच्या वर टांगलं. गिऱ्हाइकांना वाटतं आयकांडे हे माझंच नाव. "वा! हे तुमचं?" ते विचारतात. "आमच्या घरचं," मी म्हणतो. हे खोटं नाही. आणि वर थंडी किती असते असं कोणी विचारलंच, तर मी शाळेत फोन लावतो आणि मधल्या सुट्टीपर्यंत थांबा म्हणतो.

बघता बघता पुन्हा डिसेंबर आला. नाताळची दुपार, तीच बाग, तीच पन्नास माणसं. बोकड झाला, वाटे झाले, भोपळा फिरू लागला. तिसऱ्या फेरीला सासऱ्यांनी भोपळा खाली ठेवला आणि मिशा पुसल्या. दहा वर्षांची सवय! तोंडातून निघून गेलंच, "जावईबापू, मरायच्या आधी मला एकदा शिखर बघायचंय. कधी नेता?"

सगळे खुदखुदले. मीही खुशीत आलो. घसा साफ केला, किबोकडे डोळे बारीक करून बघितलं आणि एक नवंकोरं कारण जिभेवर घेतलं.

"सतरा जानेवारी," आयकांडे म्हणाली. "एकवीसला पौर्णिमा आहे. तुम्हा दोघांचेही परवाने मी काढलेत. पुढे मी चालणार."

आत्याबाईंनी चीत्कार काढला. टाळ्या वाजल्या. सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला. या वेळी तो आनंद नाही, हे मला लगेच कळलं.

आम्ही दोघांनी एकदमच हद्दीकडे पाहिलं. मी लावलेलं ते इसालेचं खोड जगलं होतं. वर्षभरात त्याला दोनच पानं फुटली होती.

"पुरतील," सासरे माझ्या कानात म्हणाले. "चाकू आणलायस ना?"